डॉक्टर-नाटककाराचे चाळीस हजार कागद : नक्की कुणाचे?

निफाडची_द्राक्षं
(शुक्रवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आर्थर श्निट्झलर हे नाव किती जणांनी ऐकलंय माहीत नाही, मी स्वतः दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ऐकलं नव्हतं. व्हिएन्नाचा डॉक्टर, जन्म १८६२. वडील घशाचे नावाजलेले डॉक्टर, हाही १८८५ ला डॉक्टर झाला आणि वडिलांच्याच पॉलिक्लिनिकमध्ये लागला. पेशंट बघता बघता लिहायला लागला, १८९३ मध्ये वडील गेले तसं पॉलिक्लिनिक सोडलं, प्रॅक्टिस नावापुरती ठेवली आणि मग आयुष्यभर नाटकं, कथा, कादंबऱ्या. १९३१ मध्ये गेला.

पण माझ्या डोक्यात त्याच्या नाटकांपेक्षा त्याच्या कागदांची गोष्ट बसलीय. व्हिएन्नात स्टर्नवार्टेश्ट्रासे ७१ हे त्याचं घर. तिथे एका खोलीत ड्राफ्ट, टिपणं, टाइप केलेल्या प्रती, पत्रं असं सगळं मिळून सुमारे ४० हजार पानं. मार्च १९३८ मध्ये हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. हा ज्यू, याची पुस्तकं १९३३ मध्येच जर्मनीत जाळून झालेली, म्हणजे या खोलीचं काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको. त्या वेळी एरिक ब्लॅकॉल नावाचा केंब्रिजचा विशीतला पोरगा अभ्यासासाठी व्हिएन्नात होता. तो ओल्गाला, म्हणजे श्निट्झलरच्या घटस्फोटित बायकोला, म्हणाला की हे आमच्या युनिव्हर्सिटी लायब्ररीला देऊन टाका. लायब्ररी हो म्हणाली, ब्रिटिश वकिलातीकडून त्या खोलीच्या दाराला सील लागलं आणि कागद इंग्लंडला सुखरूप पोचले. आजही तिथेच आहेत.

आता प्रश्न. एक तर घटस्फोट १९२१ चा, मग ओल्गाला ते देऊन टाकायचा हक्क होता का? दुसरा जास्त टोचणारा, लेखकाने स्वतः न छापलेलं, खोडलेलं, अर्धवट सोडलेलं आपण वाचावं का?

विचारायचं कारण घरचं आहे. बाबा जनरल प्रॅक्टिशनर होते, पस्तीस वर्षं दवाखाना. मागच्या वर्षी गेले. माळ्यावर एक ट्रंक निघाली, त्यात एकांकिका! एमआर लोक देतात ना औषधाच्या जाहिरातीची पॅडं, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. एका फाइलवर लाल पेनाने लिहिलंय "फाडून टाकणे". दोन महिने ती फाइल माझ्या टेबलावर आहे आणि मी तिच्यावर पाण्याची बाटली ठेवते.

---

कडूकारले
(११:५२)

मी शीर्षकानंतर पहिली ओळ "श्निट्झेल" वाचली, रात्रीचं जेवण नीट झालं नव्हतं. घोर निराशा. तरी वाचतोय.

---

सातारी_कंदी
(शनिवार, सकाळी ७:१५)

कटलेटच्या आशेने मीपण +१. ट्रंकेबद्दल वाचून मात्र गलबललं.

---

गावठी_स्टेथो
(सकाळी ८:०३)

ओपीडी सुरू व्हायच्या आत घाईत लिहितोय. या माणसाच्या डॉक्टरकीचे दोन किस्से लोकांना माहीत असायला हवेत.

पहिला म्हणजे १८८९ मध्ये त्याने एक पेपर लिहिला, आवाज जातो पण घशात काहीच बिघाड नसतो अशा पेशंटवर, आणि उपचार काय तर संमोहन. म्हणजे आरसा घालून घसा बघायला बसलेला माणूस थेट मनात शिरला. त्याआधी तो मायनेर्टच्या हाताखाली मानसरोगाच्या वॉर्डात होता, आणि त्याच मायनेर्टकडे फ्रॉइडसुद्धा काही काळ होता! पुढे श्निट्झलरच्या साठीला, मे १९२२ मध्ये, फ्रॉइडने त्याला पत्र लिहिलं त्याचा मथितार्थ असा की मी इतकी वर्षं तुम्हाला टाळत आलो, कारण आपल्याच जुळ्याला भेटायची भीती वाटावी तसं काहीतरी मला वाटायचं. दोघं एकाच गावात राहायचे बरं का.

दुसरं म्हणजे "प्रोफेसर बर्नहार्डी". १९१२ चं नाटक. गर्भपातानंतर सेप्सिस (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) झालेली मुलगी मरणाच्या दारात आहे पण शेवटच्या त्या चमत्कारिक तरतरीत तिला वाटतंय की आपण बऱ्या झालो. पाद्री मरणाआधीचा धर्मसंस्कार करायला येतो. आत गेला तर तिला कळणार की आपण मरतोय. ज्यू असलेला प्रोफेसर त्याला दारात अडवतो. पुढे त्याचं राजकारण होतं आणि डॉक्टरला तुरुंग. ऑस्ट्रियात १९१८ पर्यंत बंदी होती या नाटकावर, पहिला प्रयोग बर्लिनला करावा लागला. वीस वर्षं आयसीयूच्या दाराशी नातेवाइकांशी बोलतोय मी, मला तो प्रसंग काल रात्रीचा वाटतो.

द्राक्षं, बाबांच्या फाइलबद्दल संध्याकाळी लिहितो.

---

तिसरीघंटा
(सकाळी १०:२६)

स्टेथोबुवा, छान. पण नाटकवाल्यांना श्निट्झलर माहीत असतो तो "रायगन"मुळे. दहा प्रवेश, प्रत्येकात एक जोडी, आणि प्रत्येक जोडीतला एक जण पुढच्या प्रवेशात जातो. वेश्या आणि शिपाई, शिपाई आणि मोलकरीण, असं करत करत शेवटी सरदार परत त्याच वेश्येपाशी. लिहिलं १८९६-९७ मध्ये, १९०० साली स्वतःच्या खर्चाने फक्त २०० प्रती काढून मित्रांना वाटल्या. रंगमंचावर आलं १९२० च्या डिसेंबरात बर्लिनला, मग १९२१ मध्ये व्हिएन्नाला, आणि तिथे राडा झाला, प्रेक्षागृहात घुसून मारामाऱ्या. बर्लिनमध्ये नटनट्यांवर खटला भरला अश्लीलतेचा. निर्दोष सुटले सगळे. सखाराम बाइंडरच्या वेळचं आठवा, तसंच, फक्त इथे ज्यूद्वेषाची फोडणी वरून.

आणि गंमत बघा (गंमत कसली), खटला जिंकूनही श्निट्झलरनेच नंतर प्रयोग थांबवले. वैतागला होता. त्याच्या मुलाने ती बंदी १९८२ पर्यंत पाळली. फ्रेंच हक्क वेगळ्या हातात होते म्हणून १९५० मध्ये फ्रेंच सिनेमा तेवढा होऊ शकला.

म्हणजे धाग्याच्या प्रश्नावर येते. लेखकाने "नको" म्हटलं, मुलाने पन्नास वर्षं ऐकलं, आणि नंतर जगभर प्रयोग झालेच. काय बिघडलं?

---

गावठी_स्टेथो
(दुपारी १:१०)

@तिसरीघंटा, "रायगन" आम्हा लोकांना वेगळं दिसतं. सिफिलिसच्या काळात डॉक्टरने लिहिलेलं ते दहा लोकांचं कॉन्टॅक्ट ट्रेसिंग आहे :)

---

कडूकारले
(१:१४)

स्टेथोंमुळे जेवणाची इच्छाच गेली. श्निट्झेल कॅन्सल.

---

अप्रिय_मत
(दुपारी २:४५)

सगळे भारावलेत म्हणून थोडं पाणी ओततो.

२०१४ मध्ये याचीच एक कादंबरिका आली, "श्पेटर रूम", म्हणजे उशिरा मिळालेली कीर्ती. लिहिलेली १८९४ ची, त्याने हयातीत छापली नाही. जाहिरात अशी की केंब्रिजच्या कागदांत दडलेला खजिना सापडला हो! अहो कसला सापडला, अभ्यासकांना ती संहिता माहीत होती, यादीत तिची नोंद होती. आपण घरातल्या फडताळातली बरणी उघडायची आणि ओरडायचं की उत्खननात लोणचं मिळालं.

त्यातली गोष्टही काय आहे पाहा. एक म्हातारा सरकारी कारकून, तरुणपणी कवितांचं एक पुस्तक काढलेलं, लोक विसरले, तोही विसरला. एके दिवशी तरुण कवींचं टोळकं त्याला शोधून काढतं, तुम्ही थोर आहात म्हणून डोक्यावर घेतं, आणि त्याला क्षणभर वाटतं की खरंच आपण थोर. पुढे व्हायची ती फजिती होते. म्हणजे जुनं बाड उकरून त्याचा उदोउदो करण्यावरचीच कथा, आणि तिचाच तसा उदोउदो! लेखक वर बसून हसला असेल.

माझं मत सरळ आहे. "फाडून टाकणे" लिहिलंय ना? फाडा.

---

मोडीवाला
(दुपारी ४:०५)

अप्रियभाऊ, यादीत नोंद असणं आणि मजकूर वाचला जाणं यात महाअंतर आहे हो. मी मोडीच्या कागदांवर काम करतो (हौशी, पोटापाण्याचं वेगळं). रुमालावर, म्हणजे कागदांच्या बांधलेल्या गाठोड्यावर, चिठ्ठी असते "किरकोळ हिशेब", आणि आत उघडावं तर अख्खं भांडण निघतं दोन भावांचं. चिठ्ठी लिहिणाऱ्याने आतलं वाचलेलं असतंच असं नाही.

या श्निट्झलरचं अक्षर तर अभ्यासकांनाही रडवतं म्हणतात, त्यात जुनं जर्मन कुरेंट वळण. आजचा शिकलेला जर्मन माणूस पणजीचं पत्र हातात घेऊन तसाच बसतो जसे आपण मोडी दस्त घेऊन बसतो. बरं त्यातून हा डॉक्टर. डॉक्टर आणि कुरेंट, म्हणजे आधीच मर्कट...

नशीब असं की पुढे पुढे तो सेक्रेटरीला तोंडी सांगायचा. फ्रीडा पोलाक म्हणून बाई होत्या, १९०९ पासून शेवटपर्यंत त्याचं टायपिंग त्यांनी केलं. त्यामुळे कागदांत टाइप केलेल्या प्रती आहेत आणि त्यांच्यावर परत याच्या हाताच्या खाडाखोडी. माझ्या मते या गोष्टीत त्या बाईंवर वेगळा धागा निघायला हवा.

---

पेन्सिलवाली
(संध्याकाळी ६:३०)

इतके दिवस वाचनमात्र होते, पण हा धागा बघून राहवलं नाही.

मी काही वर्षं केंब्रिजला होते (विषय वेगळाच, नवऱ्याचा जॉब आणि माझं अर्धवट संशोधन). ती लायब्ररी म्हणजे विटांचा प्रचंड उंच मनोरा, लांबून कारखान्याची चिमणी वाटते. १९३४ मध्ये उघडली, आणि तिचा आर्किटेक्ट तोच, जाइल्स गिल्बर्ट स्कॉट, लाल टेलिफोन बूथवाला! म्हणजे व्हिएन्नाचे कागद आले तेव्हा इमारत जेमतेम चार वर्षांची. रंगाचा वास जात असेल नसेल तोवर हे निर्वासित दाखल.

हस्तलिखितांच्या खोलीत पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. माझ्या दप्तरात एकदा चुकून बॉलपेन राहिलं तर काउंटरवरच्या बाईंनी असं पाहिलं जणू मी काडेपेटी आणली. कागद फोमच्या उशीवर ठेवायचे. बोलायचं नाही. शेजारी एक जर्मन आजोबा होते, ते दिवसभर एकाच पानाकडे भिंग घेऊन बघत बसायचे आणि मधेच "आह" म्हणायचे. ते श्निट्झलरचंच बघत होते की आणखी कुणाचं, विचारायचा धीर झाला नाही, आता वाटतं विचारायला हवं होतं.

एक दुरुस्ती धागाकर्तीसाठी, सगळं केंब्रिजला नाही. डायऱ्या कुटुंबाकडे राहिल्या, त्या आता जर्मनीत मारबाखच्या साहित्य-अभिलेखागारात आहेत. आणि वर्तमानपत्रातल्या परीक्षणांची कात्रणं एक्सेटर युनिव्हर्सिटीत. हा माणूस आपल्याविरुद्धची कात्रणंसुद्धा जपून ठेवायचा!

---

कायद्याचं_बोला
(रात्री ८:२०)

ओल्गाच्या हक्काबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून येतोय. जे आपलं नाही ते दुसऱ्याला देता येत नाही, देणाऱ्याकडे जेवढा हक्क तेवढाच घेणाऱ्याकडे जातो. वारस मुलगा, हाइनरिश. तो तेव्हा व्हिएन्नात नव्हता. म्हणजे कागदोपत्री बघायचं तर ओल्गाबाईंनी मुलाची मालमत्ता परस्पर दान केली. पुढे हाइनरिशने अमेरिकेतून कागद परत मागितले, लायब्ररीचं म्हणणं की आम्हाला भेट मिळालीय. त्याला मायक्रोफिल्मवर समाधान मानावं लागलं. (त्या फिल्मवरूनच जर्मनीत फ्राइबुर्गला संग्रह झाला, आणि १९६९ मध्ये जी यादी छापली ती त्याच्यावर.)

पण १९३८ च्या व्हिएन्नात ज्यू घरातली बाई "थांबा, मुलाची लेखी संमती येऊ द्या" म्हणाली असती तर आज वाद घालायला कागदच नसते. कोर्टात मी हाइनरिशचं वकीलपत्र घेतलं असतं, घरी आल्यावर ओल्गाच्या पाया पडलो असतो.

---

अप्रिय_मत
(रात्री ८:४१)

वकीलसाहेब दोन्हीकडून फी घेणार.

बरं, नाटकांचे ड्राफ्ट सोडा. डायरीचं काय? सतराव्या वर्षापासून मरायच्या दोन दिवस आधीपर्यंत रोज लिहिलेली डायरी. तारुण्यात कुठल्या बाईबरोबर महिन्यात किती वेळा याचा हिशेबसुद्धा आहे त्यात, वाण्याच्या वहीसारखा. मुलीने १९२८ मध्ये व्हेनिसला आत्महत्या केली, अठरा वर्षांची होती, नुकतं लग्न झालेलं, तो बाप काय लिहितो ते आपण चहा पीत वाचायचं? मला तरी लाज वाटेल.

---

डॅन्यूबकाठी
(रात्री ११:०५, इथे संध्याकाळ)

इथे व्हिएन्नात नऊ वर्षं आहे. रविवारी स्टर्नवार्टेश्ट्रासेवरून फिरायला जातो. स्टर्नवार्टे म्हणजे वेधशाळा, विद्यापीठाची वेधशाळा तिथे जवळच आहे. झाडी, जुने बंगले, शांत, पुण्यातला जुना प्रभात रोड आठवेल. श्निट्झलरने ते घर १९१० मध्ये घेतलं. दाराला सील वगैरे वाचून आता तिथून जाताना उगाच वरच्या खिडक्यांकडे बघितलं जातं.

@अप्रिय_मत, डायरीबद्दल मात्र तुम्ही त्याच्यावर अन्याय करताय. ती चोरून उघडलेली वही नाही. त्याने ती जपायची व्यवस्था केली होती. ऑगस्ट १९१८ मधल्या एका नोंदीत तो स्वतःच लिहितो की या डायऱ्या टिकाव्यात असं आपल्याला इतकं का वाटतं, आणि कारण काय देतो तर आतल्या छळणाऱ्या एकटेपणातून सुटल्यासारखं वाटेल, आपल्या थडग्यापलीकडे आपले कुणी मित्र आहेत हे ठाऊक असेल तर. मी हे जर्मनमधून आठवून लिहितोय, मूळ वाक्य याहून सुंदर आहे. त्याने चहा पिणाऱ्यांनाच उद्देशून लिहिलंय असं समजा.

इथल्या विज्ञान अकादमीने ती १९८१ ते २००० या काळात दहा खंडांत छापली, आता इंटरनेटवर फुकट आहे. तारखेवर क्लिक करा, त्या दिवशी तो कुठे गेला, कुणाला भेटला, रात्री काय स्वप्न पडलं. सिनेमाचा नाद होता, तेही नोंदवलेलं. पुढे त्याच्याच "ट्राउमनोव्हेले" या कादंबरिकेवर कुब्रिकने सिनेमा केला, टॉम क्रूझवाला.

---

सातारी_कंदी
(११:१२)

टॉम क्रूझवाला?? तो मुखवट्यांचा? तो यांचा होय! कॉलेजात असताना आम्ही तो वेगळ्याच कारणासाठी बघितला होता.

---

तिसरीघंटा
(११:२०)

@सातारी_कंदी सगळ्यांनी त्याच कारणासाठी बघितला होता आणि सगळेच कंटाळले होते.

अवांतर: डॉक्टर आणि रंगभूमी म्हटलं की आपले डॉ. लागू आठवतातच, तेही कान-नाक-घसा. घशात काय असतं कुणास ठाऊक.

---

गावठी_स्टेथो
(रविवार, सकाळी ९:३०)

काल इमर्जन्सीत अडकलो, आता लिहितो.

श्निट्झलरने मागे सूचना लिहून ठेवल्या होत्या. सगळ्यात स्वस्त दर्जाचा अंत्यविधी, हारतुरे नकोत, भाषणं नकोत, पेपरात निधनवार्ता नको, वाचलेले पैसे हॉस्पिटलच्या कामाला द्या. आणि सगळ्यात आधी काय तर हृदयात सुई खुपसा! जिवंत गाडले जाऊ नये म्हणून. त्या काळी ही भीती बऱ्याच लोकांना होती, पण डॉक्टरने स्वतःसाठी लिहिलेली ऑर्डर वाचताना काटा येतो. माझा मुद्दा इतकाच की हा माणूस सूचना द्यायची तेव्हा स्पष्ट, तुटक, प्रिस्क्रिप्शनसारखी द्यायचा. त्याला ड्राफ्ट जाळायचे असते तर शेगडी होती घरात. तीसेक वर्षांपूर्वीचं बाडसुद्धा त्याने ठेवलं.

द्राक्षं, तुमच्या बाबांच्या घरी गॅस होता, बंब होता. "फाडून टाकणे" असं लिहून फाइलीत नीट लावून, ट्रंकेत घालून माळ्यावर ठेवणारा माणूस फाडायच्या विचारात नसतो. आम्ही लोक चार्टवर "पुन्हा तपासणे" लिहितो तसं आहे ते.

---

अप्रिय_मत
(सकाळी ९:५८)

हा मुद्दा मात्र पटला, काय करणार. १९१८ ची नोंदही शोधून वाचली, गूगलच्या मोडक्यातोडक्या भाषांतरात. तेवढ्यातही कळतंय. डायरीबद्दलचं माझं मागे घेतो. लोणच्याबद्दलचं नाही.

---

मोडीवाला
(सकाळी १०:१५)

ट्रंकेबद्दल कामाचं बोलतो. वाचा किंवा नका वाचू, आधी टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढा, गंजून कागद खातात. रबरबँड असतील तर तेही. प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात ठेवू नका, घाम धरतं. लॅमिनेशनचं नाव काढलंत तर मी निफाडला येईन. एमआरच्या पॅडाचा कागद गुळगुळीत असतो, शाई पुसली जाते, म्हणून आधी फोटो काढा, पुढची बाजूसुद्धा. कुठल्या वर्षी कुठलं औषध होतं त्यावरून एकांकिकेचं साल कळेल.

---

गावठी_स्टेथो
(१०:१९)

हे भारी आहे! पुढच्या बाजूचे फोटो इथे टाका, साल मी सांगतो.

---

निफाडची_द्राक्षं
(रविवार, रात्री १०:५०)

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. पेन्सिलवाली, कात्रणांचं आवडलं. वकीलसाहेब, तुमचं वाक्य आईला वाचून दाखवलं, त्यावरून पुढचं झालं.

मी ओल्गाची सगळी गोष्ट आईला सांगत होते, की घटस्फोट झालेला, हक्क नाही, तरी तिने कागद वाचवले वगैरे. आई भाजी निवडत होती. म्हणाली, "ती फाइल ना? लाल पेनाने मीच लिहिलंय त्यावर."

मी गार.

म्हणे तुझ्या बाबांनी लिहायला घेतलं तेव्हा दवाखान्यात लाइन लागलेली असायची आणि हे आत पॅडावर संवाद लिहीत बसायचे, कंपाउंडर येऊन मला सांगायचा, मला राग यायचा. एकदा सगळं वाचून काढलं आणि लिहून ठेवलं फाडून टाकणे. बाबांनी तो शेरा बघितला, काही बोलले नाहीत, फाइल ट्रंकेत ठेवली.

मी विचारलं, वाईट होतं का? तर म्हणाली, "वाईट कशाला, चांगलं होतं. शेवटच नव्हता त्याला. एक पेशंट येतो, खूप वेळ बोलतो, आणि मग पान संपतं."

आज दुपारी दोघींनी मिळून स्टेपलच्या पिना काढल्या. अठ्ठ्याऐंशी निघाल्या, आईने मोजल्या. स्टेथोदादा, पहिल्या पानामागे खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे, फोटो उद्या टाकते.

---

कडूकारले
(१०:५८)

खोकल्याचं औषध म्हणजे परत घसाच.